वाजवणारं बोट इथं, वाजणारी सनई तिथं

डिजिटल पियानोचा आवाज मी शून्यावर नेला होता. मधली 'पांढरी एक' ही पट्टी दाबली आणि खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी सतरंजीवर ठेवलेल्या की-बोर्डातून सनई वाजली. की-बोर्डाजवळ कोणी नव्हतं. बोट उचललं, सनई थांबली. पट्टी अलगद दाबली, तर सनई दोन गल्ल्या पलीकडून आल्यासारखी बोलली. जोर दिला, तशी ती मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही वाद्यांच्या मध्ये होती फक्त एक काळी वायर, करंगळीहून बारीक.

आमच्या शेजारचे अण्णा चहाचा कप हातात धरून बघत होते. त्यांची चाळीस वर्षं पेटीवर गेली आहेत. कप खाली ठेवून ते उठले, वायर चिमटीत धरली आणि कानाशी नेली.

"ह्यातनं सूर जातोय व्हय रं?"

"नाही अण्णा. ह्यातून सूर जातच नाही."

"मग जातंय काय?"

त्या संध्याकाळी मोडनिंबमधल्या माझ्या घरात त्यांना जे सांगितलं, तेच इथं जरा ऐसपैस सांगतो.

मोडनिंब म्हटलं की पुणे-सोलापूर रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला कला केंद्र आठवतं. माढा तालुक्यातलं हे आमचं गाव संगीतबारीच्या लावणीचं, पेटी-तबला-ढोलकीचं गाव. बैठकीच्या लावणीत पेटीवाला गाणाऱ्या बाईंच्या इतका जवळ बसतो, की त्यांनी श्वास घेतला की याचा भाता उघडतो. अशा गावात वाद्य म्हणजे काय हे कोणाला शिकवावं लागत नाही. बोट पट्टीवर, पट्टीखाली भोक, भोकावर पितळी सूर आणि मागून वारा घालणारा भाता. सगळं एकाच लाकडी खोक्यात. वाजवणारा जिथं, आवाज तिथंच.

आपल्या भाषेत यासाठी दोन क्रियापदं आहेत. वाजवणं माणसाचं, वाजणं वाद्याचं. बासरी असो, हलगी असो की चर्चमधला अजस्र ऑर्गन असो, माणूस वाजवतो आणि त्याच्या हाताखालचंच वाद्य वाजतं, असंच हजारो वर्षं चालत आलं. मिडी नावाच्या युक्तीनं ही दोन क्रियापदं एकमेकांपासून सोडवली. वाजवणं एका खोक्यात, वाजणं दुसऱ्या खोक्यात. मधल्या वायरीतून जातो तो फक्त निरोप. माझ्या लेखी गेल्या शंभर वर्षांत वाद्यांच्या जगात घडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पण ती इतकी मुकाट्यानं घडली, की आपल्या कार्यक्रमांत रोज वाजणाऱ्या गोष्टीचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

हा निरोप तीन आकड्यांचा असतो. मी मधली पांढरी एक दाबली तेव्हा वायरीतून गेलं ते असं: १४४, ६०, ८०. बस्स.

१४४ म्हणजे 'स्वर दाबला, पहिल्या वाहिनीवर'; वाहिनी म्हणजे एकाच वायरीतली निरोपांची वेगळी रांग. ६० हा पट्टीचा क्रमांक. मिडीच्या हिशेबात स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत आणि पियानोच्या ८८ पट्ट्या त्यातल्या २१ ते १०८ एवढी जागा घेतात. मधली पांढरी एक ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असं एकेक वर चढत जायचं. तिसरा आकडा, ८०, हा बोटाच्या जोराचा. तोही १ पासून १२७ पर्यंत. बोट उचललं की आणखी तीन आकडे जातात: हाच स्वर, आता सोडला.

तिसऱ्या आकड्यापाशी मी स्वतः बरेच दिवस अडलो होतो. पियानोला माझा जोर कळतो कसा? पट्टीखाली काही वजनकाटा असेल, असं मला वाटायचं. तसं काही नसतं. प्रत्येक पट्टीखाली एकापाठोपाठ एक जुळणारे दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी पहिला जुळतो, मग दुसरा. या दोन घटनांमध्ये किती वेळ गेला, एवढंच यंत्र मोजतं. वेळ कमी म्हणजे बोट वेगानं आलं, तेव्हा आकडा मोठा. वेळ जास्त म्हणजे बोट निवांत आलं, तेव्हा आकडा लहान. थोडक्यात, पियानो जोर मोजतच नाही, वेग मोजतो. आपण ज्याला हाताचं वजन म्हणतो, ते त्या दोन संपर्कांमधल्या एवढ्याशा वेळात मावतं.

आणि हा निरोप किती चपळ असतो? मिडीच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० ठोके जातात, एकामागे एक. एक आकडा पाठवायला दहा ठोके, तीन आकड्यांना तीस. म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात निरोप पुरा. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम एक फूट सरकतो. अण्णांपासून ढोलकीवाला सहा फुटांवर बसला असेल, तर पेटीचा सूर त्याच्या कानापर्यंत हवेतून जायला जो वेळ घेतो, त्यात असे पाच-सहा निरोप वायरीतून पोचलेले असतात. पलीकडचं यंत्र आवाज तयार करायला पुढे काही मिलिसेकंद घेतं, ते वेगळं. पण वायर उशीर करत नाही.

आकड्यांची खरी गंमत अण्णांच्या लक्षात आली ती पट्टी बदलताना. पेटीवाल्याला हा रोजचा त्रास. एका बाई काळी चारमध्ये गातात, दुसऱ्या काळी पाचमध्ये. स्केलचेंजर पेटी असेल तर तिच्या पट्ट्यांची सगळी चौकटच सरकवतात आणि ती नसेल तर बोटं नव्यानं बसवायची. मी पियानोवर एक बटण दाबलं आणि त्याच पट्ट्यांवर वाजवलेली चीज सनईत काळी चारची काळी पाच झाली. आत घडलं काय? प्रत्येक क्रमांकात दोन मिळवले. ६८ चे ७०, ७० चे ७२. पट्टी बदलणं म्हणजे दुसरीतल्या मुलाची बेरीज. अण्णा गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आरं, ही अक्कल आमच्या कामाची हाय."

आकडे साठवताही येतात. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतल्या चिजा स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. त्या कागदावर स्वर आहे, मात्रा आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणारी मींड दाखवणारी कमानही आहे. पण गाणाऱ्यानं तो स्वर किती हळुवार घेतला आणि मात्रेच्या किती केसभर मागे घेतला, हे कागदावर येत नाही. मिडीच्या फाइलीत वाजवणाऱ्याचं नेमकं तेच येतं. म्हणून ती चीज निम्म्या लयीत ऐकता येते आणि लय उतरली तरी पट्टी उतरत नाही. ध्वनिमुद्रित फीत हळू फिरवली की आवाज घोगरा होतो. इथं तसं होत नाही, कारण आवाज साठवलेलाच नसतो, बोटांचा हिशेब साठवलेला असतो. पाच मिनिटांचं वादन सीडीच्या दर्जानं ध्वनिमुद्रित केलं तर पन्नास मेगाबाइट लागतात. त्याच वादनाचा मिडी हिशेब काही किलोबाइटांत बसतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी खिशातल्या फोनवर 'पॉलिफोनिक' रिंगटोन आल्या आणि आपण त्या हौसेनं एकमेकांना ऐकवल्या, आठवतं? त्या अशाच मिडीच्या चिमुकल्या फाइली होत्या. फोनच्या पोटातलं इवलंसं वाद्य ते आकडे वाचून वाजवायचं.

आता ती वायर. तिच्या टोकाचा खटका हातात घेतला तर गोल धातूची कडी आणि तिच्या आत अर्धगोलात मांडलेल्या पाच टाचण्या दिसतात. पाचातल्या तीनच कामाच्या. दोन निरोपाच्या, मधली आवरणाची. उरलेल्या दोन रिकाम्या.

पण खरी नवलाई खटक्याच्या पलीकडे आहे, डोळ्यांना न दिसणारी. निरोप दुसऱ्या वाद्यात शिरतो तिथं एक काळा चौकोनी तुकडा असतो. त्याच्या आत एका बाजूला इवलासा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा डोळा आणि दोघांच्या मध्ये फट. वायरीतून आलेली वीज त्या फटीपाशी संपते. तिथं दिवा लुकलुकतो, पलीकडचा डोळा ते बघतो आणि त्यातून पुन्हा वीज तयार होते. म्हणजे माझ्या बोटाचा निरोप आधी वीज, मग क्षणभर उजेड, मग पुन्हा वीज होऊन सनईपर्यंत गेला. हे कशासाठी? ज्यानं जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात दोन यंत्रं एकमेकांना जोडली आहेत, त्याला स्पीकरमधली ती 'हूं'ची घरघर माहीत असते. दोन यंत्रांचं अर्थिंग एकमेकांत गुंतलं की ती सुरू होते. मिडीत दोन वाद्यांमध्ये विजेचा संबंधच ठेवलेला नाही, फक्त उजेडाचा ठेवला. म्हणून कितीही वाद्यं जोडा, या वायरीतून घरघर येत नाही.

हे सगळं सुचलं कोणाला, हे सांगायचं तर आधी कुर्डुवाडीला जावं लागेल. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना बार्शी लाइट रेल्वे आठवते. मुंबई-सोलापूर मोठी लाइन ५ फूट ६ इंच रुंदीची आणि कुर्डुवाडीहून फुटणारी बार्शीची लाइन २ फूट ६ इंचांची. बार्शी-कुर्डुवाडी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे मोडनिंबवरून पंढरपूरकडे जाणारा फाटाही त्याच अरुंद रुळांचा झाला. रूळ जुळत नाहीत म्हटल्यावर कुर्डुवाडीला सगळ्यांनी उतरायचं. वारकरी उतरले, पोती उतरली, हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात गेली. गाडी दोन्हीकडे होती, इंजिनं दोन्हीकडे होती, माल तोच होता. अडत होतं ते फक्त रुळांमधल्या अंतराशी. आता आमच्या स्टेशनवरून ब्रॉडगेज जाते आणि पोतं न हलवता थेट पुढे जातं.

१९८० च्या आसपास इलेक्ट्रॉनिक वाद्यांची गत अशीच कुर्डुवाडीची होती. प्रत्येक कंपनीचे रूळ निराळे. एकीच्या की-बोर्डानं दुसरीचं यंत्र सहसा हलायचं नाही.

मुंबईचे चरणजित सिंग यांचं काम याच काळातलं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलाकारानं १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात बांधून एक तबकडी केली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र, ही तिन्ही वापरली. तिन्ही एकाच घरची, जपानच्या रोलँड कंपनीची. मिडी तेव्हा जन्मायचा होता. ठेक्याच्या आणि खर्जाच्या यंत्रांना एका लयीत चालवायला रोलँडची स्वतःची वायर होती. तिलाही हाच पाच टाचण्यांचा गोल खटका, पण तिच्यातून जायची फक्त लय. कोणता स्वर, किती जोर, काही नाही. एवढ्यावर त्यांनी भैरव आणि यमन उभे केले. त्या वेळी ही तबकडी फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले तरुण थक्क झाले, कारण तिकडे काही वर्षांनी जन्मलेल्या 'अ‍ॅसिड हाउस' संगीताचा आवाज मुंबईत आधीच वाजून गेला होता. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईतच वारले. मराठी वाचकांनी ती तबकडी एकदा शोधून ऐकावी.

रूळ एक करावेत हे ज्यांनी मनावर घेतलं, त्यांत पुढे होते रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी. लहानपणीच आईबाप गेलेला हा माणूस विशीच्या आतच घड्याळं दुरुस्त करायला बसला, मग रेडिओकडे वळला, मग ऑर्गनकडे. आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात होते डेव्ह स्मिथ, सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे. १९८१ मध्ये स्मिथ यांनी एका सर्वसामान्य भाषेचा आराखडा ध्वनिअभियंत्यांच्या सभेत मांडला. यामाहा, कॉर्ग, कावाई या जपानी कंपन्याही बसल्या. एकमेकांचं गिऱ्हाईक ओढणाऱ्या या कंपन्यांनी एक कागद तयार केला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या मोठ्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ वायरीनं जोडले गेले. एकावर बोट ठेवलं, दुसरा वाजला. माझ्या घरात सनई वाजली तसाच.

त्याच वर्षी मिडीची पहिली आवृत्ती छापली गेली आणि ती वापरायला कोणाकडूनही पैसा घ्यायचा नाही असं ठरलं. स्वस्तातला खटका, स्वस्तातली वायर, स्वस्तातले सुटे भाग. तो ३१,२५० चा विचित्र आकडासुद्धा काटकसरीतूनच आला. त्या काळच्या यंत्रांत सेकंदाला दहा लाख ठोके देणारं घड्याळ सहज मिळायचं, त्याला ३२ नं भागलं की झालं. काकेहाशी आणि स्मिथ यांना २०१३ मध्ये तंत्रज्ञानासाठीचं ग्रॅमी मिळालं. तीस वर्षं उशिरा, पण मिळालं याचा मला फार आनंद वाटतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी एका पोराला धरून आणलं. बँजो पार्टीत वाजवणारा पोरगा, काखेत ऑक्टापॅड. वरातीत आणि गणपतीत महाराष्ट्रानं ज्याला जीव लावला ते हे आठ चौकोनांचं वाद्य. त्या पार्टीतला बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारवाद्य, त्याचं कूळ जपानच्या नागोयात १९१२ मध्ये निघालेल्या ताइशोगोतोशी जुळतं. ऑक्टापॅडही जपानचाच, रोलँडचा. आणि पहिल्या ऑक्टापॅडची, १९८५ च्या पॅड-८ ची, गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्याला स्वतःचा आवाजच नव्हता! आठ रबरी चौकोन, त्यांच्यावर काठी मारा, आणि त्यातून निघतात फक्त मिडीचे आकडे. निव्वळ वाजवणं, वाजणं शून्य. पोराला हे सांगितलं तेव्हा तो स्वतःच्या वाद्याकडे नव्यानं बघायला लागला.

त्याच्या ऑक्टापॅडच्या मागे 'मिडी आउट' असं लिहिलेलं ते गोल भोक होतं. त्यानं ते कधी वापरलं नव्हतं. तिथून वायर काढून माझ्या पियानोच्या 'मिडी इन'मध्ये घातली. नियम एवढाच: बोलणाऱ्याचं आउट, ऐकणाऱ्याचं इन. मग आठ चौकोनांना आठ क्रमांक दिले: ५५, ५७, ६०, ६२, ६४, ६७, ६९, ७२. वाहिनी दोन्हीकडे एकच ठेवली आणि पियानोचा आवाज वर केला.

पोरानं काठ्या घेतल्या आणि सवयीनं केरवा धरला. पियानोतून भूप वाजायला लागला. खालचे पंचम-धैवत, मग सा रे ग, मग प ध आणि वरचा सा. ताल वाजवणारे हात, आणि झरतायत ते राग भूपाचे स्वर. पोरगा दचकून थांबला. मग हसला आणि एकेका चौकोनावर हळूहळू काठी टेकवून बघायला लागला, जसं आंधळ्या कोशिंबिरीत चाचपडावं तसं. तालाच्या माणसाला पहिल्यांदाच आपल्या हातून राग निघताना ऐकू येत होता. दहा मिनिटांत त्याला कळलं की ग वरून प वर गेलं की गोड वाटतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मध्येच माझ्या मुलीचा पाय वायरीत अडकला. तेव्हा पुन्हा पियानोवरून सनई चालू होती, बोट पट्टीवर होतं आणि खटका निसटला. बोट उचललं तरी सनई थांबेना. एकच सूर, न संपणारा. अण्णा घाबरून की-बोर्डाकडे बघत राहिले. यात बिघाड काही नव्हता. 'दाबला' हा निरोप पोचला होता, 'सोडला' हा वाटेत राहिला, आणि पलीकडच्या वाद्याच्या समजुतीप्रमाणे माझं बोट अजून पट्टीवरच होतं. खटका परत लावून तीच पट्टी दाबून सोडली, तशी ती गप्प झाली. काही वाद्यं यासाठी सेकंदाला तीन-चार वेळा 'मी आहे, मी आहे' असा निरोप देत राहतात आणि तो थांबला की पलीकडचं वाद्य आपणहून शांत होतं. आमच्या जोडीत ती सोय नव्हती. पण मिडी म्हणजे काय हे सगळ्यांना जितकं त्या लांबलेल्या सुरानं कळलं, तितकं माझ्या बोलण्यानं कळलं नव्हतं.

वायरीतून पियानोवाल्याला ढोलकीही हवी असते, सतारही हवी असते. कोणत्या क्रमांकाला कोणतं वाद्य, यात पूर्वी गोंधळ होता. १९९१ मध्ये १२८ वाद्यांची एक सामाईक यादी ठरली. तीत सतार १०५ वी आणि सनई ११२ वी, यादीत नाव 'शनाई'. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही कंपनीचं वाद्य ही यादी पाळत असेल तर त्याच्याकडे ११२ वं वाद्य मागा, सनई येते. तालवाद्यांना दहावी वाहिनी राखून ठेवली आहे, पण त्यांच्या त्या यादीत तबला नाही, ढोलकी नाही. प्रत्येक कंपनी त्यांना आपल्या मर्जीनं कुठेतरी बसवते, आणि एका की-बोर्डवर बसवलेला लावणीचा ठेका दुसऱ्यावर नेला की 'धा'च्या जागी भलतीच थाळी वाजते. सनईला जागा मिळाली आणि ढोलकीला मिळाली नाही, ही मला त्या यादीतली खरी उणीव वाटते.

अण्णांची शंका मात्र निराळी होती. पियानोवर त्यांचा उजवा हात सहज फिरत होता, पण डावा हात हवेत अडकला होता. तो भाता शोधत होता.

"दाबल्यावर मग काय करायचं? सूर वाढवायचा कसा?"

चाळीस वर्षांचा प्रश्न होता तो. पियानोत सुराचं नशीब पट्टी दाबतानाच ठरतं, नंतर तो विरतच जातो. पेटीत पट्टीवरच्या जोराला काही अर्थच नाही. दाबल्यानंतर भाता त्याला फुलवतो, आवरतो. मिडीत याचीही तजवीज आहे. स्वरांच्या निरोपांबरोबर नियंत्रणाचे निराळे निरोप जातात. पियानोचं पायपेडल दाबलं की ६४ क्रमांकाचा, आणि वाजत्या सुराचा जोर खालीवर करायला ११ क्रमांकाचा. एखादं पेडल किंवा चाक या अकराला जोडलं की तोच भाता. मी त्यांना की-बोर्डाशी बसवलं, त्याच्या डाव्या कडेला असलेलं एक चाक दाखवलं आणि म्हटलं, "डावा हात इथं ठेवा."

त्यांनी ठेवला तो चुकून शेजारच्या चाकावर. ते सूर वाकवायचं चाक होतं. ग वाजत होता, चाक ढळलं आणि सूर न तुटता म पर्यंत सरकत गेला. अण्णांचा हात थांबला. त्यांनी चाक परत आणलं, पुन्हा हळूच ढकललं. या वेळी अर्ध्यातच थांबवलं, जिथं पेटीवर पट्टीच नाही.

पेटीला मींड नाही, ही तिच्यावरची सगळ्यात जुनी तक्रार. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं त्यामागेही हीच भावना होती. ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. मिडीच्या पट्ट्याही पेटीसारख्याच बाराच्या हिशेबातल्या, पण या चाकाला १६,३८४ पायऱ्या आहेत. नेहमीच्या मांडणीत वरखाली दोन-दोन पट्ट्यांएवढा सूर वाकतो, आणि पायऱ्या इतक्या बारीक की कानाला सलग उतार वाटतो. एक अडचण आहे. चाक ढळलं की त्या वाहिनीवरचे सगळेच सूर एकदम वाकतात. २०१८ मध्ये प्रत्येक बोटाच्या सुराला वेगळं वाकवायची रीत ठरली, आणि २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, जिच्यात जोराचे १२७ टप्पे वाढून हजारोंत गेले. पण अण्णांना त्या वेळी यातलं काही नको होतं. ते डोळे मिटून ग आणि म च्या मधल्या जागेत फिरत होते. ज्या डाव्या हातानं चाळीस वर्षं वारा घातला, त्याला मींड सापडली होती. आम्ही कोणी बोललो नाही.

घरी हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी कामाचं थोडं. अलीकडच्या बऱ्याच डिजिटल पियानोंना गोल भोक नसतं, प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी भोक असतं आणि त्यावर 'टू होस्ट' लिहिलेलं असतं. होस्ट म्हणजे यजमान. ही वायर लॅपटॉपला किंवा जोडणी घालून फोनला लावायची, ते यजमान. दोन पियानो किंवा पियानो आणि की-बोर्ड नुसत्या यूएसबी वायरीनं एकमेकांना जोडले तर काहीही वाजत नाही, कारण दोघंही पाहुणे आणि यजमान कोणीच नाही. वायर खराब समजून दुसरी आणायला जाऊ नका, मध्ये फोन किंवा लॅपटॉप ठेवा. लॅपटॉपवर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल, तर पियानोच्या मांडणीत 'लोकल' बंद करा, म्हणजे पियानो फक्त बोलेल, स्वतः वाजणार नाही. पाच टाचण्यांची वायर पन्नास फुटांपेक्षा लांब घेऊ नका. आणि काहीच वाजत नसेल तर बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण असतं: आउट आउटमध्ये गेलेलं असतं किंवा दोघांची वाहिनी जुळत नसते.

त्या दोन संध्याकाळींत माझ्या घरात जोडलेली तिन्ही वाद्यं वेगवेगळ्या वर्षांची होती, आणि ती बनवणाऱ्यांना एकमेकांची नावंही ठाऊक नसतील. तरी तीन आकडे सगळ्यांना कळले. १९८३ मध्ये निघालेला यामाहाचा डीएक्स-७ आज कोणाच्या माळ्यावर सापडला आणि तो चालू स्थितीत असला, तर काल दुकानातून आणलेल्या पियानोच्या मिडी आउटला जोडा. बोट पियानोवर ठेवा. डीएक्स-७ वाजेल.